सही कोणाची?

इथे मी एरवी वाचलेलं, आठवलेलं, शाळेतलं असं काहीबाही लिहीत असते. आज जरा चिडून लिहिणार आहे, तेव्हा मंडळी, सांभाळून घ्या.

प्रश्न तसा साधा आहे. एखाद्या माणसाला "तू या देशाचा नाहीस" असं सांगून रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडे ढकललं, आणि चार दिवसांनी कळलं की तो इथलाच होता, तर त्याला ढकलायचं कोणी ठरवलं, हे आपल्याला कळायला हवं की नको?

जून २०२५ मधली गोष्ट आहे. मीरा रोडला गवंडीकाम करणारा एक माणूस, मूळचा पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातला. ११ जूनला चहा पीत असताना पोलिसांनी त्याला बांगलादेशी असल्याच्या संशयावरून उचललं. घरच्यांना कळल्यावर त्यांनी धावाधाव करून मतदार ओळखपत्र, आधार, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीने शिक्का मारून दिलेली वंशावळ, असं सगळं पाठवलं. बंगाल सरकारचं स्थलांतरित मजुरांसाठी एक मंडळ आहे, त्यांनीही मुंबईकडच्या पोलिसांशी बोलणं केलं. तोवर माणूस सिलिगुडीच्या सीमा सुरक्षा दलाच्या तळावर पोचलासुद्धा होता. १४ जूनच्या पहाटे त्याला बांगलादेशात ढकलण्यात आलं. तिथल्या एका गावात आसरा घेऊन त्याने घरी फोन केला, तेव्हा बायकोला कळलं की नवरा परदेशात आहे! त्याच सुमारास मुंबई परिसरातून उचललेले आणखी काही मजूर असेच पलीकडे पोचवले गेले, त्यात एक नवरा-बायकोही होते. मग बंगाल सरकारने पाठपुरावा केला, दोन्हीकडच्या सीमा दलांची बैठक झाली आणि या लोकांना परत आणलं.

परत आणलं, म्हणजे चूक मान्य झाली. पण चूक कोणाची?

पोलिसांचं म्हणणं असं होतं की आधार आणि पॅनकार्ड हा काही नागरिकत्वाचा पुरावा नाही, जन्माच्या दाखल्यासारखा पक्का कागद दाखवला नाही. आता यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही दुसऱ्या एका खटल्यात हेच सांगितलं, की आधार, पॅन किंवा मतदार कार्ड हातात असलं म्हणून कोणी आपोआप नागरिक होत नाही. कायदा म्हणून ठीक आहे. पण मग जन्माच्या दाखल्याचं काय, ते एका निवृत्त शिक्षिकेकडून ऐका.

माझी नोकरी मुलुंड-भांडुपच्या मराठी शाळांत गेली. दरवर्षी जूनमध्ये पहिलीचे प्रवेश असत. डोंगरावरच्या वस्तीतून, नाक्यावरच्या मजुरांच्या पालांतून, कोकणातून नुकत्याच आलेल्या बिऱ्हाडांतून आयाबाया पोरांना घेऊन यायच्या. "कधी झाला हा?" विचारलं की "होळीच्या आसपास", "मोठा पाऊस झाला त्या वर्षी", "हिच्या आजीचं दिवसकार्य होतं तेव्हा" अशी उत्तरं. कागद नसायचाच. मग पद्धतीप्रमाणे रजिस्टरला १ जून ही तारीख पडायची. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीत जा आणि साठीच्या पुढच्या लोकांच्या जन्मतारखा विचारा, निम्मं ऑफिस १ जूनला जन्मलेलं निघेल! आमच्या सोसायटीतच तिघे आहेत, एकाच दिवशी केक कापतात.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरचा कायदा झाला १९६९ साली. त्याआधी जन्मलेल्या आम्हा कित्येकांचा जन्माचा पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्या दाखल्याचा पुरावा म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. रजिस्टर वाळवीने खाल्लं नसेल तर. नावांची तऱ्हा आणखी वेगळी. मराठीतलं एकच आडनाव इंग्रजीत एका कारकुनाने एक तऱ्हेने लिहिलं, दुसऱ्याने दुसऱ्या. सख्ख्या भावांच्या आडनावांची स्पेलिंगं वेगळी असलेली मी शेकड्याने पाहिली आहेत. लग्न झालेल्या बाईचं तर विचारूच नका, माहेरच्या कागदावर एक नाव, सासरच्या कागदावर दुसरं, मधे बापाचं जाऊन नवऱ्याचं नाव आलेलं. आणि नुसता स्वतःचा जन्म दाखवून भागत नाही. १ जुलै १९८७ नंतर जो जन्मला, त्याला आई-वडिलांपैकी निदान एक भारतीय नागरिक होता हेही दाखवावं लागतं. म्हणजे चाळिशीच्या आतल्या गवंड्याने मीरा रोडच्या चौकीत, दोन दिवसांत, शेकडो कोस दूरच्या गावातल्या आपल्या बापाचा कागद हजर करायचा. आपल्यापैकी कितीजणांना जमेल? कपाट उघडून बघा एकदा.

"पण आपल्याला कोण विचारतंय?" बरोबर. आपल्याला कोणी विचारत नाही. ज्याची भाषा वेगळी, हातात थापी-ओळंबा, राहायला बांधकामावरची पत्र्याची खोली, त्याला विचारतात. मुलुंडमध्ये गल्लोगल्ली जुन्या इमारती पाडून टॉवर उठतायत. त्यांच्या स्लॅबवर कोण उभं असतं ते मान वर करून बघा. मालदा, मुर्शिदाबादकडची कितीतरी माणसं त्यात आहेत. आपलं नवीन घर बांधणाऱ्याला "तुझं घर कुठे आहे ते सिद्ध कर" म्हणायचं, आणि सिद्ध करायच्या आत त्याला गाडीत घालायचं.

आता शाळेचीच एक गोष्ट सांगते. पटावरून एका मुलाचं नाव कमी करायचं असेल तर काय काय करावं लागतं माहीत आहे? नुसता गैरहजर आहे म्हणून चालत नाही. घरी निरोप पाठवायचा, स्वतः जाऊन चौकशी करायची, शेरा लिहायचा, मुख्याध्यापकांची सही घ्यायची. दाखला द्यायचा तर पालकांचा अर्ज हवा. दाखल्यावरची जन्मतारीख किंवा नाव मुलगा शाळा सोडून गेल्यावर बदलायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. आणि प्रत्येक कागदाखाली सही, तारीख, शिक्का. वीस वर्षांनी कोणी विचारलं तरी सांगता येतं की हा शेरा अमुक बाईंनी मारला. एका पोराला पटावरून कमी करायला एवढं सगळं, आणि एका माणसाला देशाच्या पटावरून कमी करायला तीन दिवस?

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना सांगितलं होतं की बांगलादेश आणि म्यानमारमधून बेकायदा आल्याचा ज्यांच्यावर संशय आहे, त्यांची पडताळणी तीस दिवसांत करा. ते ज्या राज्याचं, जिल्ह्याचं नाव सांगतात तिथे विचारणा करून खातरजमा करा. तीस दिवस हेही गरिबाच्या कागदपत्रांसाठी कमीच. पण निदान तेवढे तरी द्या! मीरा रोडच्या माणसाला तेवढेही मिळाले नाहीत.

दुसरी गोष्ट मुंबईची नाही, दिल्लीची आहे, पण ती या लेखात हवीच, कारण ती शेवटपर्यंत कोर्टात गेली. त्याच जून महिन्यात दिल्लीत भंगार-कचरा वेचणारी बीरभूम जिल्ह्यातली एक गर्भवती बाई, तिचा नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा यांना उचलून काही दिवसांत बांगलादेशात ढकललं. तिथल्या पोलिसांनी त्यांना घुसखोर म्हणून तुरुंगात टाकलं. म्हणजे भारत म्हणतो तुम्ही बांगलादेशी, बांगलादेश म्हणतो तुम्ही भारतीय! २६ सप्टेंबर २०२५ ला कलकत्ता उच्च न्यायालयाने ही हद्दपारी रद्द केली आणि चार आठवड्यांत परत आणा असा हुकूम दिला. सरकारचीच ती तीस दिवसांच्या चौकशीची सूचना सरकारच्याच माणसांनी पाळली नाही, एवढी घाई कशाची होती, हे न्यायालयाने स्पष्ट विचारलं. सरकारने काय केलं? सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. शेवटी ५ डिसेंबरला ती बाई आणि तिचा मुलगा मालद्याच्या सीमेवरून परत आले. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. नवरा मागेच राहिला.

आणि परत आणताना सरकारने न्यायालयात शब्द कुठला वापरला, तर "मानवतेच्या दृष्टीने". म्हणजे आपला दावा कायम ठेवून, केवळ दया म्हणून! उच्च न्यायालयाने हुकूम दिलेला आहे, बाप-आजे इथले आहेत, तरी ती जी परत आली ती म्हणे हक्काने नव्हे, मेहेरबानीने. माझा सगळा राग या शब्दावर आहे. दया करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. ज्याने ढकललं तोच दयाळू म्हणून मिरवतो.

हे नवीन नाही. १९९८ च्या जुलैमध्ये, महाराष्ट्रात युतीचं राज्य असताना, मुंबई पोलीस बंगाली बोलणाऱ्या काही जणांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने कलकत्त्याकडे नेत होते. हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्टेशनवर लोकांनी गाडी अडवली आणि त्यांना उतरवून घेतलं. ज्योती बसूंच्या सरकारने आक्षेप घेतला, संसदेत गदारोळ झाला. त्यावर मग विसरून गेलो. सत्तावीस वर्षांनी तेच, फक्त या वेळी रेल्वेचा रस्ता टाळून विमानाने नेल्याच्या बातम्या आल्या. मधल्या काळात सरकारं सगळ्या पक्षांची होऊन गेली. म्हणून हा लेख अमक्या पक्षाविरुद्ध आहे असं कृपया समजू नका.

आता जबाबदारी कशी ठरते याचा एक नमुना बघा. जानेवारी २०२५ मध्ये मालेगावला उशिरा नोंदवलेल्या जन्माच्या दाखल्यांवरून मोठं प्रकरण झालं. आमच्या भागाचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी ते लावून धरलं. बांगलादेशी-रोहिंग्यांना दाखले दिले असा आरोप होता. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि तिथले तहसीलदार व नायब तहसीलदार निलंबित झाले. दाखले देण्यात गैरव्यवहार झाला असेल तर जरूर करा कारवाई, माझी काही हरकत नाही. पण यातून प्रत्येक कचेरीतला माणूस काय शिकला? दाखला दिला आणि चुकला, तर नोकरी धोक्यात. दाखला नाकारला आणि चुकला, तर काही नाही. माणूस सोडला आणि चुकला, तर चौकशी. माणूस ढकलला आणि चुकला, तर फार तर परत आणायचा, तोही सरकारी खर्चाने. अशा तराजूत पारडं कुठे झुकेल हे सांगायला गणिताचे सर नकोत.

कायदाही त्याच बाजूला कललेला. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा इंग्रजांनी जाता जाता केलेला. त्यात आपण परदेशी नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचं, सरकारने नाही. आणि अधिकाऱ्याने "सद्भावनेने" जे केलं त्याबद्दल त्याच्यावर दावा चालणार नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आला. जुने चार कायदे मोडीत काढले, पण या दोन गोष्टी तेवढ्या जपून नव्या कायद्यात आणल्या! सद्भावना म्हणजे काय हो? समोर कागद ठेवलेले असताना ते न वाचणं ही सद्भावना? तीस दिवसांची सूचना असताना तिसऱ्या दिवशी गाडीत घालणं ही सद्भावना?

सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२४ ला आसामातल्या एका माणसाच्या खटल्यात चांगला निकाल दिला आहे. सिद्ध करायचं ओझं त्या माणसावर असलं तरी आधी सरकारकडे संशयाला काही आधार हवा, आणि तो आधार त्या माणसाला सांगायला हवा. कोणाचंही दार ठोठावून "आम्हाला संशय आहे, आता तू सिद्ध कर" असं चालणार नाही. नावाच्या स्पेलिंगमधले, तारखांमधले बारीक फरक धरून कोणाला परदेशी ठरवता येणार नाही. १ जूनवाल्या आम्हा सगळ्यांना दिलासा वाटावा असाच निकाल. फक्त तो ज्याच्या खटल्यात लागला, तो माणूस २०१२ पासून परदेशी ठरून झगडत होता आणि निकालाआधी अडीच वर्षं वारला होता. भारतीय म्हणून त्याला न्यायालयाने स्वीकारलं ते मेल्यावर. ज्या हातांनी त्याला २०१२ मध्ये एकतर्फी परदेशी ठरवलं, त्यांचं पेन्शन मात्र चालूच असणार.

माझा एक जुना विद्यार्थी पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाला. दिवाळीला दरवर्षी येतो. त्याच्याशी यावर वाद घातला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण चौकीवरच्या पोरांना कशाला दोष देता? वरून आकडा मागतात. आज किती पकडले, संध्याकाळपर्यंत कळवा. ज्याचा आकडा शून्य, त्याला दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभं राहावं लागतं." मी म्हटलं, "मग तुझ्या साहेबाचं नाव सांग." तो हसला. "साहेबालाही वरूनच फोन येतो ना बाई! फोनवर कुठे सही असते?"

त्याने सहज म्हटलं, पण सगळं त्यातच आलं. म्हणूनच मी हवालदाराचा बळी मागत नाही. मला वरची सही हवी आहे. आकडा कोणी मागितला? तीस दिवसांचे तीन दिवस करायला कोणी सांगितलं? राज्याचं गृहखातं २०२५ मध्ये खुद्द मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे होतं. सीमा सुरक्षा दल अमित शहा यांच्या केंद्रीय गृहमंत्रालयाखाली होतं. जबाबदारीची साखळी तिथपर्यंत जाते, मधेच चौकीवर तुटत नाही.

आता नेहमीचे आक्षेप. घरीदारी ऐकलेलेच आहेत सगळे.

"म्हणजे घुसखोरांना राहू द्यायचं का?" अजिबात नाही. कोणताही देश आपल्या सीमा उघड्या टाकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्याला सैफ अली खानवर हल्ला झाला, त्यात पकडलेला आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं. तेव्हा लोकांना वाटलेली भीती खोटी नव्हती. बेकायदा आलेल्याला शोधा, न्यायाधीशासमोर उभं करा, त्याच्या देशाकडून खात्री करून घ्या आणि रीतसर पाठवा. रीतसर पाठवायला लेखी हुकूम लागतो, हुकुमावर सही लागते. मी तीच तर मागते आहे.

"चूक होते हो, परत आणलं ना?" त्याच सैफच्या प्रकरणात एका भलत्याच तरुणाला संशयित म्हणून छत्तीसगडमध्ये दुर्गला गाडीतून उतरवलं, त्याचा फोटो देशभर झळकला. तो नव्हेच असं कळल्यावर सोडून दिलं. तोवर त्याची नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. ते कोणी परत आणून दिलं? काही चुका परत आणून भरून येत नाहीत. गर्भारपणाचे महिने परक्या तुरुंगात काढलेल्या बाईला विचारा.

"आपल्या मराठी माणसाचा काय संबंध?" हा आक्षेप मला सर्वात लागतो. पारधी, वडार, कैकाडी, बंजारा ही माणसं कुठली? पिढ्यान् पिढ्या फिरस्तीवर राहिलेल्या पारध्याकडे जन्माचा दाखला कुठून येणार? ऊसतोडीला गेलेल्या बाईचं पोर कोपीत जन्मतं, त्याची नोंद कोण करतं? आज नियम बंगालीसाठी वापरला जातोय. नियमाला भाषा कळत नाही, ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यावर तो लागू होतो.

आणि आपली माणसं बाहेरही आहेत. हे वाचणारी माझी भाचरंच एडिसनला, सॅन होजेला आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला पाठवलं, हातापायांत बेड्या घालून. त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. तेव्हा आपल्याकडे केवढा संताप झाला! संसदेत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांना निवेदन करावं लागलं. भाचीचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती, "मावशी, माणसांना असं पाठवतात का गं?" तिथे पुढे जन्मणाऱ्या मुलांच्या नागरिकत्वावरही तेव्हा नव्या अध्यक्षांनी काढलेल्या हुकुमाची टांगती तलवार होती, न्यायालयांनी तो रोखून धरला म्हणून जरा श्वास घेतला. मला तिला विचारावंसं वाटतं, विचारतेच आता इथे: बेड्या घालून पाठवलेले ते बेकायदा गेलेले होते, तरी आपल्याला राग आला, आणि यायलाच हवा होता. मग मीरा रोडचा माणूस तर इथलाच होता. त्याच्यासाठी आपल्या घरात कोणाचा आवाज का चढला नाही?

इंग्लंडचं उदाहरण सांगून पुढे जाते. वेस्ट इंडीजमधून दुसऱ्या महायुद्धानंतर कायदेशीर येऊन राहिलेल्या लोकांना उतारवयात तिथल्या गृहखात्याने कागद मागितले. ते ज्या बोटींनी आले त्यांची आगमनपत्रं २०१० मध्ये खात्यानेच नष्ट केली होती! कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधोपचार थांबले, काहींना देशाबाहेर पाठवलं. २०१८ साली हे उघड झालं तेव्हा गृहमंत्री अंबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. हद्दपारीचे आकडे ठरवून दिले होते की नाही याबद्दल त्यांनी संसदेच्या समितीला चुकीची माहिती दिली होती. पुढे चौकशी अहवाल आला, भरपाईची योजना आली. सगळं न्यायाने झालं असं नाही, भरपाई मिळायच्या आत कितीतरी म्हातारे गेले. पण निदान आकड्याचा प्रश्न मंत्र्याला संसदेत विचारला गेला आणि त्यावर खुर्ची गेली. आमच्या फौजदाराला सांगा हे.

आपल्याकडे हे होऊच शकत नाही असं नाही. लालबहादूर शास्त्रींनी १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर राजीनामा दिला, हे तर आम्ही पिढ्यांना शिकवलं. २६/११ नंतर आर. आर. आबांना गृहमंत्रिपद सोडावं लागलं. आणि खालच्या अधिकाऱ्यांबाबत तर कायदाच आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहिती वेळेत दिली नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होतो, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून. महाराष्ट्राच्या २०१५ च्या सेवा हक्क कायद्यातही असा दंड आहे. एक उतारा उशिरा दिला तर खिशातून दंड, आणि माणूस चुकून देशाबाहेर टाकला तर सद्भावना!

माझ्या मागण्या मोजक्या आहेत.

१. लेखी हुकमाशिवाय कोणालाही राज्याबाहेर किंवा सीमेकडे नेऊ नये. हुकमावर अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही, तारीख आणि संशयाचं कारण हवं, आणि त्याची प्रत त्या माणसाला व घरच्यांना मिळायला हवी. अटक करताना नावाची पट्टी, पंचनामा, नातेवाइकांना खबर हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ सालीच सांगितलं आहे.

२. ज्या जिल्ह्याचं नाव माणूस सांगतो, तिथून लेखी उत्तर येईपर्यंत त्याला हलवू नये. तीस दिवस म्हणजे तीस दिवस.

३. माणूस भारतीय निघाला तर चौकशी ठरल्या मुदतीत व्हावी, तिचा निकाल जाहीर व्हावा. भरपाईचा काही भाग सही करणाऱ्याच्या पगारातून जावा. सगळी भरपाई तिजोरीतून दिली तर ती तुम्ही-आम्हीच भरतो.

४. असे किती जण चुकून पाठवले गेले, याचं उत्तर गृहमंत्र्यांनी दर अधिवेशनात विधिमंडळात द्यावं.

यातलं एकही घुसखोराच्या फायद्याचं नाही. सगळं चुकीने सापडलेल्याच्या बाजूचं आहे, आणि नीट काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्याही. वरून फोन आला तर त्याला म्हणता येईल, "साहेब, लेखी द्या."

आता तुम्ही काय करू शकता ते. साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, आणि आपापल्या पोलीस आयुक्तालयाच्या माहिती अधिकाऱ्याला पाठवा. प्रश्न तीनच: गेल्या वर्षात किती जणांना बांगलादेशी म्हणून सीमेकडे पाठवलं? त्यातल्या किती जणांच्या मूळ जिल्ह्यातून पडताळणीचं उत्तर आलं होतं? पाठवण्याचा हुकूम कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने दिला? आणि लक्षात ठेवा, तुमच्या ओळखीच्या कोणाला उचललं असेल, तर जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. अर्जात तसं स्पष्ट लिहा. बांधकामावरच्या मुकादमाला, वॉचमनला, घरी कामाला येणाऱ्या बाईला हे सांगून ठेवा.

मी माझा अर्ज टाइप करून घेतला आहे. कोणाला नमुना हवा असेल तर कळवा, पाठवते. माझं चुकतंय असं वाटलं तर तेही लिहा, फक्त खाली स्वतःचं नाव घाला.